ओटीवरची ओटी

ताई,
सप्रेम नमस्कार. नातू साडेपाच वर्षांचा आहे. बोलतो छान, गोष्टी पाठ आहेत, पण हाताने काही करायची वेळ आली की अडतं. पेन्सिल मुठीत धरतो. शर्टाची बटणं लावता येत नाहीत. भाताला आमटी लागली की हात झटकतो, मग भरवावं लागतं. मिक्सर लावला की कान दाबून मागीलदारी पळतो. एरवी दिवसभर पळापळ, दारावर आपट, माणसांवर आपट. गेल्या महिन्यात रत्नागिरीला दाखवलं. तिथल्या मॅडमनी तपासून ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) सुरू करायला सांगितली, आठवड्यातून दोनदा. इथून जाऊन-येऊन दिवस मोडतो, म्हणून पंधरवड्यातून एकदाच जमतं. सुनेने मोबाइलवर बघून घरी करायच्या सामानाची यादी काढली आहे: टांगायचा कापडी झोका, वजनाचं पांघरूण, छोटा ट्रॅम्पोलिन, खरखरीत-मऊ चकत्यांचा संच, दाबायची पुट्टी, रंगीत वाळू. हिशेब अठरा हजारांवर जातो. मुलगा कंत्राटी कामगार आहे. मी म्हटलं, घरात आहे त्यात नाही का होणार? तर सून रडायला लागली. शेजारी म्हणतात, लाडावलाय, दोन ठेवून द्या. खरं सांगते, एकदा जेवताना मी दिली. त्या दिवसापासून तो माझ्या हातचं खात नाही. संध्याकाळी कोंबड्या डालताना तेवढा माझ्याजवळ शांत बसतो. पैसे वाचवायच्या नादात मी पोराचं नुकसान तर करत नाही ना?
— एक आजी, संगमेश्वर तालुका

आजी, नमस्कार.

यादीतलं काहीही आत्ता घेऊ नका. आणि रत्नागिरीची फेरी बंद करू नका. या दोन गोष्टी मी मुद्दाम एकत्र सांगते आहे, कारण पहिली ऐकली की लोक दुसरी सोडून देतात. सामान घरचं चालेल, पण मुलाला आज कुठवर झेपतं आणि उद्या काय एक पायरी वाढवायची, हे तपासलेल्या माणसाकडूनच कळायला हवं. पंधरवड्यातून एकदा जाता ना, तेवढंही पुष्कळ उपयोगी पडेल. मात्र तिथून परतताना एकच प्रश्न विचारून या: "पुढच्या दोन आठवड्यांत घरी नेमकं काय करू?"

तुमच्याकडे घराच्या दर्शनी भागाला ओटी म्हणतात आणि आमच्या धंद्यालाही ओटी म्हणतात. माझ्याकडे येणारी एक छोटी मुलगी तर "आमच्या घरी मोठी ओटी आहे" असं अभिमानाने सांगायची. मला ते तेव्हा गंमतीचं वाटलं होतं, आता अगदी खरं वाटतं. ऑक्युपेशनल थेरपीला सरकारी दवाखान्याच्या पाटीवर 'व्यवसायोपचार' लिहितात आणि लोकांना वाटतं की इथे नोकरी मिळवून देतात. त्यातला 'व्यवसाय' म्हणजे माणूस दिवसभर ज्यात गुंतलेला असतो ते सगळं. जेवणं, अंघोळ, कपडे घालणं, खेळणं, शाळा. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना अमेरिकेत टोपल्या विणायला, हातमागावर बसायला, सुतारकाम करायला लावत. या उपचाराची सुरुवात अशा कामांतून झाली आहे. आपल्या देशात त्याचं पहिलं शिक्षण १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं, ते कमला निंबकरांनी. त्या जन्माने अमेरिकन, लग्न करून इकडच्या झालेल्या. तेव्हा तुम्ही नातवाला शेजारी बसवून वाती वळायला लावल्यात, तर त्या अठरा हजारांच्या यादीपेक्षा तुम्ही या शास्त्राच्या मुळाशी जास्त जवळ आहात.

मग ती यादी आली कुठून? जीन एयर्स नावाच्या कॅलिफोर्नियातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. १९६० आणि ७० च्या दशकांत त्यांनी मांडलं की स्पर्श, तोल आणि सांध्या-स्नायूंकडून येणाऱ्या जाणिवा मेंदूत नीट जुळल्या नाहीत, तर मुलाचं शिकणं-वागणं अडतं. त्यांच्या पद्धतीच्या दवाखान्यांत छताला टांगलेले झोके, उतरती फळी, चाकांची पाटी असायची. आज तेच रंगीत प्लास्टिकमध्ये 'सेन्सरी' असं लेबल लावून विकलं जातं. विचार महत्त्वाचा आहे, पण विक्रेते सांगतात तितका पक्का नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये सांगितलं की असे उपचार एकूण आराखड्याचा एक भाग म्हणून करायला हरकत नाही, पण त्यांना मिळालेला पुरावा मर्यादित आहे हे पालकांना कळू द्या. वजनाच्या पांघरुणाचं तर स्पष्टच सांगते. झोप नीट न लागणाऱ्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांवर इंग्लंडमध्ये त्याची चाचणी झाली, २०१४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मुलांना आणि आईवडिलांना पांघरूण आवडलं, पण झोप काही वाढली नाही. तुमच्या घरात जुन्या लुगड्यांची गोधडी असेलच. ती आवडली तर घेऊ दे. त्याची त्याला बाजूला सारता आली पाहिजे आणि तोंडावर येता कामा नये, एवढंच बघा.

आता त्याच्या आपटण्याकडे येऊ.

दिवे गेलेले असताना तुम्ही माळ्याची शिडी चढता, तेव्हा पाय कुठे टेकवायचा हे डोळ्यांनी नाही कळत. गुडघ्याला, घोट्याला, पोटरीला कळतं. ही सांध्यांची जाणीव काही मुलांमध्ये मंद असते. मग आपलं अंग कुठे संपतं आणि दार कुठे सुरू होतं ते त्यांना नीट उमगत नाही. आपटलं की क्षणभर उमगतं, म्हणून ती पुन्हा आपटतात. तुमचा नातू त्यातला आहे की नाही हे मॅडम सांगतील, पण तुम्ही लिहिलंत त्यावरून मला तसं वाटतं. अशा मुलाला "शांत बस" म्हणून काही होत नाही. त्याला ढकलायला, ओढायला, उचलायला, चढायला हवं असतं. आम्ही त्याला 'हेवी वर्क' म्हणतो. कोकणातल्या घरात त्याची काय वाण आहे हो?

सोललेले नारळ पडवीतून मागीलदारी एकेक करून नेणं. अर्धी भरलेली छोटी कळशी दोन्ही हातांनी धरून झाडांना पाणी घालणं. पोत्यावर सुपारी-भात काही वाळत घातलं असेल तर ते पोतं ओढत उन्हात नेणं, पुन्हा सावलीत आणणं. ओला टॉवेल पिळणं. एक टोक त्याच्याकडे, दुसरं तुमच्याकडे, दोघांनी उलट्या दिशांना. भिंत "पडतेय, पडतेय, धर!" म्हणून दोन्ही तळव्यांनी रेटणं. शाळेच्या दप्तराबाबत २०२० च्या धोरणात मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली आहे. तीच आपण उचलण्याच्या कामाला लावू. तो सतरा किलोचा असेल तर पावणेदोन किलोच्या आत. म्हणजे सोललेला नारळ चालेल, एक असोला (न सोललेला) कसाबसा, दोन अजिबात नाहीत. अंगावर वजन बांधून ठेवायचं नाही. विहिरीपाशी मात्र कुठलंच काम नको, तुम्ही सोबत असलात तरीही.

ही कामं कधी द्यायची, हे त्याहून महत्त्वाचं. जेवायला बसण्याआधी, शाळेत जाण्याआधी, लिहायला बसवण्याआधी, दहा मिनिटं. दमवायचं नसतं. पळापळ सुरू झाल्यावर ओरडण्यापेक्षा, ती साधारण कधी सुरू होते हे ओळखून पंधरा मिनिटं आधी नारळ हलवायला सांगा.

झोपाळा तुमच्या ओटीवर असणार असं मी धरून चालते. नसला तर जुनं लुगडं तुळईला बांधून झोळी होते, पण तुळई आणि गाठ मुलाच्या बापाने स्वतः लोंबकळून तपासलेली असावी. खाली गादी अंथरायची. मागे-पुढे संथ झोका बहुतेक मुलांना निववतो, गरगर फिरवणं चाळवतं. फिरवू नका. पाय जमिनीला टेकतील एवढ्या उंचीवर ठेवा, म्हणजे कधी थांबायचं ते त्याच्या हातात राहील. चेहरा पांढरा पडला, घाम आला, जांभया किंवा मळमळ सुरू झाली की लगेच थांबवा; याचा त्रास कधीकधी उतरल्यावर थोड्या वेळानेही जाणवतो. पूर्वी कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोका नको. हे सगळं ठीक असेल, तर झोपाळ्यावर त्याला पालथा झोपवा, डोकं आणि हात बाहेर. जमिनीवर चिंचोके पसरा आणि बाजूला टोपली ठेवा. हाताने जमीन रेटत पुढे जायचं, चिंचोका उचलायचा, येताना टोपलीत टाकायचा. मान, खांदे, पाठ, डोळे आणि बोटं, सगळी एकाच खेळात कामाला लागतात. यादीतला कापडी झोका याहून वेगळं काही करत नाही.

चिंचोक्यांवरून एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर राहून जाईल. गुंजा खेळायला देऊ नका. लाल-काळ्या दिसतात सुंदर, पण आतला गर जहाल विषारी आहे. चावली किंवा फुटकी गिळली तर जिवावर बेतू शकतं. एरंडाच्या बियाही नकोत. चिंचोके, सागरगोटे, फणसाच्या वाळक्या आठळ्या चालतील, तेही तुम्ही समोर असताना. नाकात-कानात घालायची सवय असेल किंवा घरात रांगतं मूल येत असेल तर तेही नको, नदीतले मुठीत न मावणारे गुळगुळीत गोटे घ्या.

आता जेवण आणि चिकट हात. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या पत्रात खरं दुखणं इथे आहे.

काही मुलांना ओला, चिकट स्पर्श आपल्याला लागतो तसा लागत नाही. तुमच्या हातावर अचानक सुरवंट पडला तर तुम्ही हात झटकाल, आणि कोणी म्हटलं "असू दे, सवय होईल" तर ऐकाल का? त्याला आमटीचा भात तसा लागत असावा. तो लाडावलेला नाही. शेजाऱ्यांना सांगायची गरज नाही, सुनेला मात्र सांगा. ती हे ऐकायला आसुसलेली असेल.

सवय होते, पण जबरदस्तीने नाही. हात धरून पिठात बुडवलेली मुलं मी पाहिली आहेत. नंतर ती पीठ दिसलं तरी खोलीबाहेर पळतात. क्रम असा ठेवा: कोरडं, मग दमट, मग ओलं, शेवटी चिकट. वाडीतून किंवा खाडीवरून आणलेली पुळण, म्हणजे वाळू, धुऊन वाळवा आणि जुन्या परातीत घाला. त्यात सागरगोटे लपवा, तो शोधेल. हात घालायला तयार नसेल तर करवंटी द्या, करवंटीने उकरू दे. हत्याराने केलं तरी ते केल्यातच जमा आहे. आठवडाभर जमलं की पाण्याचा एक हबका मारा. मग अजून एक. शेजारी कोरडं फडकं ठेवा आणि "वाटलं की पूस" असं पहिल्याच दिवशी सांगून टाका. हे फडकं फार मोठी गोष्ट आहे. सुटका हाताशी आहे हे कळलं की मुलं जास्त वेळ टिकतात.

मोबाइलवर सगळीकडे तांदळाच्या परातीत हात घालायला सांगतात. मला ते कधीच रुचलं नाही. तुमच्याही जिवाला अन्न असं सांडलेलं बघवणार नाही, आणि आजीच्या चेहऱ्यावरची नाराजी मुलाला लगेच कळते. पुळण बरी.

पुढची पायरी पिठाची. नाचणीचं किंवा गव्हाचं जुनं पीठ, त्यात मीठ, थोडं तेल, पाणी, घट्ट मळा. हा गोळा झाकून ठेवला तर दोन-तीन दिवस चालतो, वास आला की टाकून द्या. बाजारातल्या पुट्टीचं काम हाच करतो. आत चिंचोके दडवा आणि खणून काढायला सांगा. लांब वळकटी करून बोटांनी तुकडे पाडू दे. तुम्ही भाकरी थापताना त्याला लिंबाएवढा गोळा द्या. उकड गार झाल्यावर द्या, कोमट नको; हाताला ऊन लागलं तर पुन्हा शून्यापासून सुरुवात.

आणि हे सगळं जेवणाच्या वेळेबाहेर. ताटावर उपचार करायचा नाही, ताटावर जेवायचं. भरवायला लागलं तर सध्या भरवा, पण एक घास त्याच्या हाताने, तोही कोरडा: भाकरीचा तुकडा, पोह्याचा पापड, काकडीची फोड. मग घट्ट भाताची छोटी मूद, तूप लावलेली, चमच्याने. मग तीच हाताने. आमटी वाटीत वेगळी, त्यात भाकरी बुडवायची की नाही ते तो ठरवेल. आमटी-भात कालवून हाताने खायला सहा महिने लागले तरी लागू द्या. चमच्याने जेवणारी माणसंही सुखाने जगतात.

तुम्ही हात उचललात ते तुम्ही स्वतःहून लिहिलंत, म्हणून मी त्यावर प्रवचन देणार नाही. माझ्या हातूनही एकदा, नोकरीच्या पहिल्या वर्षी, एका मुलाचा हात ओढून रंगात घातला गेला होता. ते मूल परत आलं नाही. तुमचा नातू घरातच आहे, हे तुमचं नशीब. त्याला साध्या शब्दांत सांगा: "आजीचं चुकलं, मी पुन्हा मारणार नाही." मग काही दिवस भरवायचं सुनेकडे द्या आणि तुम्ही फक्त खेळात आणि कामात त्याच्याबरोबर राहा. तुमच्या हातचं खाणं आपोआप परत येईल. तुम्ही त्याची वाट बघताय हे त्याला दिसू देऊ नका.

पेन्सिलीचं बघू. मुठीत धरतो म्हणून बोटं धरून गिरवून घेताय का? थांबवा. बोटं ही फांदीची टोकं. खोड म्हणजे खांदा आणि मनगट. खांदा ढिला असेल तर बोटं सगळा जोर मुठीत गोळा करतात. आधी मोठं काम: रंगाचा जुना ब्रश आणि डबाभर पाणी द्या, जांभ्याच्या गडग्यावर रंगवू दे. पाणी पडलं की चिरा गडद होतो, उन्हाने पुन्हा वाळतो, पुन्हा रंगवायचं. उभ्या पृष्ठभागावर हात वर धरून काम केलं की मनगट आपसूक योग्य बाजूला, मागे वळतं. म्हणून पाटीसुद्धा मांडीवर न ठेवता भिंतीला टेकवा. खडू अख्खा देऊ नका, बोटाच्या पेराएवढा तुकडा द्या. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, बोटांची टोकंच पुढे यावी लागतात. सांगून, रागावून जे होत नाही ते खडू मोडून होतं.

आणि बसतो कसा? खुर्चीवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. पाय टेकले की कंबर ठरते, कंबर ठरली की हात सुटतात. आमच्या धंद्यात याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

बोटांसाठी तुमच्या स्वयंपाकघराकडे बघा. वालाला मोड आणून डाळिंब्या सोलता ना? भिजलेला वाल चिमटीत धरून दाबला की डाळिंबी सुळकन बाहेर उडते. अंगठा आणि तर्जनीचा इतका नेमका व्यायाम मी कुठल्याही संचात पाहिलेला नाही. ओला स्पर्श आहे, म्हणून हे जरा उशिरा, पण मुलांना तो उडण्याचा भाग आवडतो. लसूण सोलणं, शेंगा फोडणं, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणं आणि काढणं. चिमटा घट्ट असेल तर सुनेकडून एखादा ढिला, जुना मागून घ्या. कापसाची वात तळव्यावर वळणं. रांगोळी चिमटीत धरून ठिपक्यांवर ठिपका टाकणं. ती चिमूट म्हणजे पेन्सिलीच्या पकडीची सख्खी बहीण.

बकुळीचं झाड आसपास असेल तर सोनंच आहे. बकुळीच्या फुलाला मधोमध आयतं भोक असतं, सुई लागत नाही. केळीच्या सोपाचा वाळका दोरा घ्या, किंवा साध्या दोऱ्याचं टोक मेणबत्तीच्या मेणात बुडवून कडक करा. पहिल्या दिवशी तीन फुलं ओवली की पुरे, उरलेला गजरा तुम्ही पुरा करा आणि सगळ्यांना "हा आम्ही केला" असं सांगा.

बटणांना मात्र एक युक्ती आहे. आपण पहिल्यापासून शिकवायला जातो आणि मूल पहिल्याच पायरीवर हरतं. उलटं करा. बटण काजातून अर्धं बाहेर तुम्ही आणा, शेवटचं ओढणं त्याचं. हे शेवटचं रोज जमू लागलं की त्याच्या आधीची पायरी त्याला सोपवा. काम पुरं करण्याचा आनंद रोज त्याच्याच वाट्याला येतो. सुरुवात आजोबांच्या जुन्या सदऱ्यावर, मोठ्या बटणांवर, सदरा मांडीवर ठेवून. अंगातल्या शर्टाची पाळी नंतर, कारण तिथे बटण नीट दिसत नाही.

इथे तुम्हाला वाटेल की हे सगळं आपल्या जुन्या खेळांत होतंच. सागरगोटे, गोट्या, लगोरी, लंगडी. मलाही असं म्हणायचा मोह होतो, पण अर्धंच खरं आहे. ज्यांना सागरगोटे झेलता येत नसत ती मुलं त्या काळीही होती, ती पायरीवर बसून बघत असत. तरी एक गोष्ट आपल्याकडे फार शहाणपणाची होती: कच्चा लिंबू. लहानग्याला, हळू पळणाऱ्याला खेळात घ्यायचं, पण आउट धरायचं नाही. मी चार वर्षं कॉलेजात जे शिकले त्याचा गाभा हाच आहे. खेळ तोच ठेवायचा, नियम एवढाच सैल करायचा की मूल खेळात टिकेल, आणि जमू लागलं की तो नियम हळूच घट्ट करायचा. सागरगोटा वर उडवून झेलणं जमत नसेल तर आधी फुगा. मग रुमालाची गाठ. मग कापडी चेंडू एका टप्प्याने. वाड्यातल्या मुलांना सांगा, हा सध्या कच्चा लिंबू. मुलांना ते लगेच समजतं, मोठ्यांना समजवायला वेळ लागतो.

आवाजाबद्दल थोडक्यात. मिक्सर लावण्याआधी सांगा, आणि बटण त्यालाच दाबू द्या. आपण स्वतः केलेला आवाज कमी बोचतो. आरतीला झांज त्याच्या हातात द्या. शिमग्याला पालखी नाचते तेव्हा ढोलाच्या तोंडाशी नेऊ नका, लांबच्या गडग्यावर बसवा, कानांवर त्याचे स्वतःचे हात असू देत. दिवसभर कानात कापूस नको. आणि कान एकदा तपासून घ्या, झाले नसतील तर.

घासण्याबद्दल एक सावधगिरी. 'ब्रशिंग' नावाचा प्रकार मोबाइलवर दिसेल, मऊ ब्रशने हातापायांवरून दाब देत फिरवायचा. तो शिकवल्याशिवाय करू नका, आणि नारळाच्या शेंडीने तर नकोच. एका बाळाची पाठ अशी सोलवटलेली मी पाहिली आहे. घरच्यांनी प्रेमानेच केलं होतं.

एवढं सगळं वाचून धास्तावू नका. यातलं तीनच निवडा. माझ्या मते: सकाळी पाणी-नारळ, दुपारी खडूचा तुकडा किंवा ब्रश, संध्याकाळी वाती. प्रत्येकी दहा मिनिटं, दोन आठवडे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर झालं त्या दिवशी टिंब द्या, नाही झालं तर काही लिहू नका. सुनेला दोन मिनिटांचा व्हिडिओ काढायला सांगा, रत्नागिरीला तो दाखवा. दवाखान्यात मूल बुजतं, ओटीवर ते खरं दिसतं, आणि मॅडमना पुढचं ठरवायला तो फार कामाला येईल.

फेरीचा खर्चही थोडा हलका होऊ शकेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्यात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर लवकर हस्तक्षेप केंद्रांची सोय आहे. अंगणवाडीताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. उद्या स्वमग्नतेसारखं काही निदान झालंच, तर 'निरामय' या सरकारी विमा योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतच्या खर्चात थेरपीचाही समावेश आहे. निदान व्हायच्या आधीच त्या कागदांमागे धावू नका.

आणि वाट न पाहता डॉक्टरांना दाखवायच्या गोष्टी: सतत चवड्यांवर चालणं आणि पोटऱ्या ताठ लागणं, शरीराची एकच बाजू अशक्त वाटणं, येत असलेलं बोलणं किंवा चालणं मागे जाणं, गिळताना ठसके लागणं, नजर हरवून मूल थिजल्यासारखं होणं. यावर पुळण आणि वाती हा उपाय नाही.

सुनेचं रडणं पैशांचं नाही. रात्री सगळे झोपल्यावर मोबाइलवर शोधून शोधून तिने ती यादी केली, आणि तुमच्या एका वाक्याने ती निकालात निघाली. यादी फाडू नका. तिच्याजवळ बसा, एकेक वस्तू घ्या आणि "याच्या जागी आपल्याकडे काय?" असं दोघी मिळून लिहा. चकत्यांच्या संचासमोर काथ्या, सुंभ, कापूस, शहाळ्याची साल. ट्रॅम्पोलिनसमोर पंक्चरवाल्याकडची ट्रकची जुनी ट्यूब, व्हॉल्व्ह आतल्या बाजूला वळवून फडक्याने बांधलेली. त्यावर बसून उसळायचं, उभं राहून नाही. काही विकत आणायचंच असेल तर जाड खडूंचा एक डबा तिच्या हाताने आणू द्या.

कोंबड्यांचं तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण मी तुमच्या पत्रात तिथेच थांबले होते. उकिडवं बसणं, श्वास रोखून थांबणं, दाणे चिमटीने टाकणं, जिवंत गरम कोंबडी ना घट्ट ना सैल अशी धरणं. ज्या मुलाला जोराचा अंदाज नाही असं आपण म्हणतोय, तो रोज संध्याकाळी हे तुमच्या शेजारी बसून बघतो आहे. दाणे टाकायचं काम उद्यापासून त्याला द्या. आठवड्याभराने डालगं उचलू द्या, हलकं असेल ते. झाकताना एखादी निसटेल, अंगणभर पळेल, त्याच्याबरोबर तुम्हालाही पळावं लागेल. गुडघ्यांचं बघा तेवढं.

तुमची,
ताई